शीग

पहिल्या आठवड्यात भिंतीवर तक्ता चिकटवला :
आठ आठवडे, आठ रंगीत पट्ट्या,
नमुना एकशेवीस, प्रश्न बावीस,
आणि तळाशी प्राध्यापक वांडेरांचं वाक्य, लाल शाईत —
आधी ठरव, काय विचारायचं नाही.

विषय तसा साधा.
किसुमूतले लोक ओमेना पाकिटातून घेतील का?
अडीचशे ग्रॅम, निळं पाकीट,
स्वच्छ धुतलेली मासळी, वाळूचा कण नाही,
वर सरोवराचं चित्र.
कंपनीनं दाखवायला रिकामी पाकिटं दिली
आणि प्रवासखर्च. अर्धा.

चाचणीपुरते दहा फॉर्म घेऊन किबुयेच्या बाजारात गेले.
"एक ते पाच या मोजपट्टीवर
आपल्या मासळीबद्दल आपण किती समाधानी आहात?"
मिन ओटोयो — ओटोयोची आई, तिला सगळे असंच हाकारतात —
हात न थांबवता म्हणाली,
"मासळी मेलीय, पोरी. तिला विचार."
बाजूच्या तिघी हसल्या.
मी 'सांगता येत नाही'वर खूण केली.

त्या रात्री नऊ प्रश्न खोडले.
'समाधान' गेलं, 'ब्रँड' गेलं,
'आपण'चं 'तू' झालं, 'मावशी' झालं.
पिवळी पट्टी निळ्या पट्टीवर चढली.

वेळ वाचावा म्हणून मामेभाऊ ओचोलाला चाळीस फॉर्म दिले,
दर फॉर्मला वीस शिलिंग.
दुसऱ्याच दिवशी आणून दिले, इस्त्री केल्यासारखे.
माझ्या फॉर्मांना वास यायचा,
कोपऱ्यांना चंदेरी कण चिकटलेले असायचे,
वसतिगृहाची मांजर पिशवीमागे जिना चढायची.
त्याच्या फॉर्मांकडे ती ढुंकून बघेना.
चाळीसच्या चाळीस जण पाकीट घ्यायला तयार.
इतकं एकमत किसुमूत
मी कधी ऐकलं नव्हतं.
पैसे परत मागितले नाही. मामीला कळलं असतं.

पुन्हा दोन रविवार, पुन्हा बोडाबोडाच्या मागच्या सीटवर
मांडीवर फॉर्म, तोंडात धूळ.
प्रश्न अकरा : पाकीट का घेणार नाही?
महाग — बावीस.
दिसत नाही आत काय आहे — सतरा.
आणि 'इतर'च्या त्या बोटभर जागेत,
जिथं कुणी काही लिहीत नाही म्हणून मी बोटभरच ठेवली होती,
पुन्हा पुन्हा एकच शब्द, माझ्याच अक्षरात,
कारण त्या सांगायच्या नि मी लिहायचे :
न्योंगेझा.
डबा काठोकाठ भरला की
वर ओततात ती मूठ.
मापाची शीग.
"पाकिटाला शीग कुठून लावणार?"
मिन ओटोयोनं निळं पाकीट उलटंसुलटं केलं
आणि त्यात सुटे पैसे ठेवले.

वांडेरा सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"छान. मोजलंस?"

म्हणून चौदा जणींकडून चौदा डबे घेतले,
शीग वेगळ्या कागदात बांधून,
आणि आईच्या केकच्या काट्यावर तोलली.
सर्वांत कमी अठ्ठावीस ग्रॅम,
सर्वांत जास्त एकशेचार.
हातात फॉर्म दिसला की मूठ आखडते,
दोनदा गेलं की सैल होते,
आणि एकदा, मी खोकत होते तेव्हा, दोन मुठी.
हे कोणत्या रकान्यात टाकायचं?
आई म्हणाली, आधी हे सगळं खाणार कोण?

अहवालाची मर्यादा चाळीस पानं.
शिफारस चाळीसाव्यावर संपली :
कंपनीनं थांबावं.
एक्केचाळीसाव्यावर फक्त चौदा मुठी, ग्रॅममध्ये.
जादा पानाचे दोन गुण कापले गेले.

छापील प्रत घेऊन बाजारात गेले.
मिन ओटोयोनं ओढणीला हात पुसले,
पानं उलटली, शेवटच्यावर थांबली.
"यात मी कुठेय?"
मी दाखवलं : उत्तरदाता क्रमांक चौतीस.
नावं गुप्त राहतील, असं मीच वाचून दाखवलं होतं तिला,
पहिल्या दिवशी, घाईघाईत.
"चौतीस," ती म्हणाली.
मग आकडा बघितला. एकाहत्तर ग्रॅम.
शेजारणीचा बघितला.
"काटा खोटा आहे तुझ्या आईचा."